मोरीचं दार

आईनं एकच प्रश्न विचारला होता. "मोरीचं दार काहून लावलं होतं?" आवाज चढवला नव्हता, दोष द्यायचा म्हणूनही विचारलं नव्हतं. लग्नातली साडी तशीच अंगावर, कुंकू घामानं ओघळलेलं, आणि ती आमच्या मांजरीजवळ, भुरीजवळ, फरशीवर बसून तिच्या कानांना ओला पंचा लावत होती. मी गप्प राहिले. उत्तर होतं, पण ते फार लहान होतं. भुरी मोरीतल्या ओल्या फरशीवर लोळते, मग त्याच पायांनी पलंगावर चढते आणि चादरीवर ठसे उमटतात. त्या दिवशी सकाळीच धुतलेली चादर घातली होती, म्हणून निघताना मी दार ओढून कडी लावली. आता या गोष्टीला वर्ष झालं. चादर कोणती होती तेही आठवत नाही, पण कडी लागतानाचा तो खट्ट आवाज मला अजून ऐकू येतो.

लग्न वर्धा रोडवरच्या एका कार्यालयात होतं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागून दोन दिवस झाले होते. डोक्याला दुपट्टा, पर्समध्ये कांदा, निघताना ग्लासभर पन्हं, असे आम्ही दोघी तयार होऊन निघालो. हॉलमधला कूलर सुरू ठेवला होता, टाकी काठोकाठ भरली होती, भुरीच्या वाटीत पाणी होतं. आपल्या परीनं सगळं केलं, असंच मला वाटत होतं. एकच्या सुमारास आमच्या भागातली लाईन गेली आणि साडेचारपर्यंत आली नाही. इन्व्हर्टरवर पंखा फिरत राहिला, पण कूलर त्यावर जोडलेला नाही. पावणेपाचला कुलूप काढलं तेव्हा भट्टीचं झाकण उघडावं तशी आतली हवा तोंडावर आली. भुरी दाराशी आली नाही, हाक मारली तरी नाही. सापडली ती मोरीच्या बंद दारापाशी. पोट फरशीला चिकटवून आडवी झालेली, आणि नाक दाराखालच्या बोटभर फटीला लावलेलं. आतल्या ओल्या फरशीवरून जो काही गारवा त्या फटीतून येत होता, तेवढा ती ओढून घेत होती. तोंड उघडं होतं, जीभ बाहेर आली होती, आणि कुत्र्यासारख्या धापा सुरू होत्या. मांजर असं करत नाही. नऊ वर्षांत मी तिचं तोंड असं उघडं पाहिलं नव्हतं, जांभई देतानाचं सोडून.

टोपलीत ओला पंचा अंथरला, तिला त्यावर ठेवलं आणि खाली धावले. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. "ऊन लागलं का मांजरीले?" मी मान हलवली. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली त्याची पाण्याची कॅन पायाशी होती. एका हातानं ती त्यानं मागे सरकवली. "पंचा वाळू देऊ नका बाई, भिजवत राहा." त्या ऊन रस्त्यावर ते पाणी हाताला इतकं गार लागलं की मी क्षणभर गोंधळले. बर्फ नव्हता, फ्रीज नव्हता. नुसतं ओलं गोणपाट आणि त्यावरून जाणारी झळ.

दवाखान्यात स्टीलचं टेबल होतं. थर्मामीटरवर १०५ च्या वर पारा. मांजराचं अंग एरवीही आपल्यापेक्षा गरमच असतं, साधारण १००.५ ते १०२.५, त्यामुळे हात लावून मला काही कळलं नसतं. डॉक्टरांनी माठातलं पाणी मागवलं. नळाचं नको, म्हणाल्या, गच्चीवरच्या टाकीतून आत्ता उकळतं पाणी येईल. आणि बर्फही नको. एकदम बर्फाचं पाणी लावलं तर कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच कोंडते. पंजे, कान, पोट आणि जांघा त्यांनी ओल्या कापसानं पुसल्या, टेबलावरचा पंखा तिच्याकडे वळवला. मग खांद्याच्या मधली कातडी चिमटीत धरून सुई घातली आणि सलाईन सोडलं. बघता बघता तिथे पाण्याचं टेंगूळ आलं, लिंबाएवढं, मग संत्र्याएवढं. मी घाबरले, तर म्हणाल्या, ताई, ते काही तासांत जिरेल, तिला हवं तसं ती ओढून घेईल. अर्ध्या तासानं तोंड मिटलं. आणखी थोड्या वेळानं भुरी उठून उभी राहिली, दोन पावलं मागे सरकली, आणि टेबलावर तिच्या पंजांचे चार ठसे उमटलेले दिसले. ओले, गोल, प्रत्येकाला मधली गादी आणि वर चार ठिपके. पुसतानाचं पाणी असेल म्हणून मी पदरानं टिपायला गेले. डॉक्टर म्हणाल्या, "तो घाम आहे. यांना घाम येतो तो एवढ्याच जागी."

चार पंजांच्या गाद्या. एवढीच जागा.

त्यानंतर कित्येक दिवस मी हा हिशोब डोक्यात फिरवत राहिले. भुरीचं अंग असतं सेल्सिअसमध्ये ३८-३९ अंशांच्या आसपास. त्या दुपारी आमच्या वरच्या मजल्यावरच्या, पश्चिमेच्या भिंतीच्या घरात हवा ४० च्या पुढेच असणार. हवाच अंगापेक्षा गरम असेल तर अंगातली उष्णता जाणार कुठे? आपल्यावर पंखा फिरतो तेव्हा घाम वाळतो आणि गार वाटतं. तिला अंगभर घामच नाही, तर तो पंखा तिच्यावर नुसती गरम हवा टाकत होता. आणि मी निर्धास्त होते, की निदान पंखा तरी इन्व्हर्टरवर आहे. तिच्याकडे एकच उपाय उरतो, चाटण्याचा. उन्हाळ्यात भुरी जास्त चाटते ते मी दरवर्षी पाहत होते आणि काय टापटीप मांजर आहे म्हणून कौतुक करत होते. ती अंग भिजवत होती. थुंकी वाळताना केसांतून थोडी उष्णता घेऊन जाते, माठ पाझरतो आणि आतलं पाणी गार होतं तसंच, रिक्षावाल्याचं गोणपाट तसंच, कूलरचं गवतही तसंच. अख्खं नागपूर उन्हाळा काढतं ते या एका युक्तीवर. मे महिन्यात इथली हवा कोरडी ठणठणीत असते म्हणून ती युक्ती चालते. जूनच्या पहिल्या आठवड्यात ढग येतात, पाऊस येत नाही, आणि कूलरसमोर बसूनही अंग चिकचिकतं, तेव्हा भुरीचं चाटणंही वायाच जात असणार. ते दिवस ४५ अंशांपेक्षा वाईट, असं आता मला वाटतं.

आजीच्या वाड्यात मांजर होतं. नागपूरच्या महाल भागातला जुना वाडा, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर कवेलू, माजघराची जमीन शेणानं सारवलेली. उन्हाळ्यात आजीचा दिवस ठरलेला असे. सकाळी नऊच्या आत सगळ्या खिडक्या लावून घ्यायच्या, पश्चिमेच्या दाराला वाळ्याची ताटी टांगायची आणि दर अर्ध्या तासानं तिच्यावर लोट्यानं पाणी मारायचं. ते काम आम्हा मुलांकडे असायचं. ताटीतून येणारा तो ओला, मातीचा, थोडा गोडसर वास अजूनही कुठे आला तर मी जागच्या जागी थांबते. माजघरात दुपारी इतका अंधार असायचा की पत्त्यांतला बदाम आणि चौकट ओळखू यायचे नाहीत. आणि मांजर? त्याला नाव नव्हतं. कुणी त्याच्यासाठी काही केल्याचं मला आठवत नाही. सकाळी ते तुळशीवृंदावनाच्या सावलीत असे. दहा वाजले की विहिरीच्या ओट्याशी, जिथे बादली ठेवून ठेवून दगड कायम ओला असायचा. भर दुपारी माजघरात, माठाच्या तिवईखाली. माठ पाझरायचा, खालची वाळू ओली व्हायची, त्या वाळूत ते स्वतःपुरता खळगा करून झोपायचं. मधूनच एखादा थेंब त्याच्या पाठीवर पडला की कातडी तेवढ्यापुरती थरथरायची, पण ते हलायचं नाही. संध्याकाळी अंगणात सडा पडला की बाहेर, आणि रात्री आम्ही बाजेवर झोपायचो तेव्हा ते भिंतीवर. दिवसभरात पाच-सहा जागा. त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं आणि त्याच्या वाटेत एकही दार नव्हतं.

या शहराचा उन्हाळा वाढला म्हणावं तर आजीच्या काळीही तो कडकच होता. पण २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली, ती दुपार मला घटकेघटकेनं आठवते. गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालायला गेले तर कुंडीची कड धरवली नाही. २०२४ च्या मेअखेरीस एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि दिवसभर सगळ्यांच्या मोबाईलवर तोच आकडा फिरला. सेन्सर बिघडला होता हे पुढे कळलं. पण तो आकडा पाहिल्यावर आमच्या जिन्यात कुणालाही आश्चर्य वाटलं नव्हतं, एवढं नक्की. "असेल बाप्पा," एवढंच म्हणाले सगळे.

भुरी आली तेव्हा पावसाळा होता. मूठभर जीव होता, जिन्याखाली भिजत बसली होती. वर आणली, दूध नको म्हणून डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकलं, टोचून घेतलं, शस्त्रक्रिया करून घेतली. खालच्या मजल्यावरचं एक मांजर गच्चीवरून पडलं, त्यानंतर गॅलरीला जाळी लावून घेतली. ही सगळी कामं मी मायेनंच केली आणि आजही तशीच करीन. रस्त्यावर गाड्या आहेत, कुत्री आहेत. पण जाळी लावली त्या दिवशी मी तिच्याकडून विहिरीचा ओटाही काढून घेतला आणि तुळशीची सावलीही, हे माझ्या लक्षात आलं नाही. बाहेरचं मांजर उन्हातून उठून सावलीत जातं. माझं मांजर मी उघड्या ठेवलेल्या दारांतूनच जाऊ शकतं. आणि घरात उरलेल्या गार जागांमधली जी सर्वांत चांगली होती, तिला मी चादरीसाठी कडी लावली.

लहानपणी महाराजबागेत आम्ही वाघ बघायला जायचो. आताही उन्हाळा लागला की तिथल्या पिंजऱ्यांना हिरव्या जाळ्या लागतात, कूलर लागतात, फवारे सुरू होतात, आणि वर्तमानपत्रात दरवर्षी त्याचा फोटो येतो. कूलरसमोर पाय पसरून पडलेला वाघ किंवा अस्वल. पूर्वी मला तो फोटो गंमतीचा वाटायचा. गेल्या वर्षीपासून मी तो नीट बघते. ज्यानं पिंजऱ्याचं दार लावलं त्यानंच कूलरची टाकी भरायची आणि लाईन गेली तर काय, याचाही विचार त्यानंच करायचा. आत असलेल्याला ते करता येत नाही.

त्या दिवसापासून मी घराचं ऊन भुरीकडून शिकतेय. ती कुठे झोपली आहे ते दर तासाला बघायचं. सकाळी सातपर्यंत गॅलरीच्या उंबऱ्यावर. नऊनंतर देवघराखालच्या फरशीवर, कारण ती भिंत पश्चिमेची आणि तोवर तिच्यावर ऊन आलेलं नसतं. दुपारी बारा ते पाच मोरीत, नळाखालच्या खोलगट शहाबादी फरशीवर. पाच ते आठ मात्र तिला कुठेच चैन नसते, कारण स्लॅब त्याच वेळी दिवसभराचं ऊन परत खाली टाकायला लागतो. मला हे बावीस वर्षांत कळलं नव्हतं. मला वाटायचं दोन वाजता सगळ्यात जास्त तापतं. मग आम्ही गच्चीला चुना मारून घेतला. पांढरा झालेला स्लॅब संध्याकाळी हाताला वेगळा लागतो, तो फरक आईनं स्वतः तळहात टेकवून पाहिला. कूलर लावताना समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवायची, ही जुनीच गोष्ट, पण धूळ येते म्हणून मी ती बंद करत असे. बंद घरात कूलर नुसती ओल भरतो. आता खिडकी उघडी असते आणि मी संध्याकाळी केर काढते.

पाण्याचंही तसंच. मांजराच्या जातीचा मूळ पूर्वज वाळवंटातला, आफ्रिकेकडचा. शिकारीतून मिळेल त्या ओलाव्यावर भागवायची त्याची सवय, त्यामुळे तहान लागली तरी ही जमात वाटीकडे फारशी वळत नाही, लघवी घट्ट होते, आणि बोक्यांची तर अडूनही बसते. घरात तीन ठिकाणी मातीच्या पसरट परळी ठेवल्या आहेत, जेवणाच्या ताटलीपासून लांब. वाटीपेक्षा परळीत ती जास्त पिते. मिशा काठाला लागत नाहीत म्हणून असेल, किंवा मातीच्या वासानं. परळीला तोंड लावायच्या आधी ती पंजाची कड पाण्यात बुडवते, पंजा झटकते, त्या पंजाकडे जरा वेळ बघते, आणि मगच वाकते. लाल मातीवर जिभेचा तो चप्‌ चप्‌ आवाज दुपारच्या शांततेत दुसऱ्या खोलीत ऐकू येतो. मी वाचत असले तर वाचन थांबवून मोजते. वीस, पंचवीस, कधी चाळीस. चाळीस झाले की मला बरं वाटतं. पूर्वी ती कूलरच्या मागे घुसून टाकीतलं पाणी प्यायची. कूलरचा झटका काय करतो हे नागपुरात दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे ऐकावं लागतं, म्हणून अर्थिंग तपासून घेतलं आणि मागची फट फळीनं बंद केली. मला माहीत आहे, हेही एक दार बंद करणंच झालं. पण त्याआधी पाण्याच्या तीन जागा उघडल्या होत्या.

एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या संध्याकाळी दवाखान्यातून आल्यावर आईनं कांदा ठेचला होता. आम्हाला ऊन लागलं की आजी तळपायांना कांद्याचा रस चोळायची, तेच ती भुरीला करणार होती. मी नुकतंच डॉक्टरांकडून ऐकून आले होते म्हणून हात धरला. कांदा मांजराला विष आहे. पोटात गेला की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि पायाला लावलेला रस ती चाटणारच. आई हातातल्या वाटीकडे बघत राहिली. तिचा चेहरा असा झाला की मला सांगितल्याचाच पश्चात्ताप वाटला. तिनं तो कांदा कुंडीतही टाकला नाही, कागदात गुंडाळून खाली कचऱ्यात टाकून आली. तीन मजले, गुडघे दुखत असताना. मग हात साबणानं दोनदा धुतले आणि भुरीपाशी येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर मोरीचं दार पूर्ण उघडं होतं आणि त्याला वरवंटा टेकवून ठेवला होता. आजीचा, वाड्यातून आलेला, मिक्सर आल्यापासून माळ्यावर पडलेला. तो आईनं रात्रीतून कधी आणि कसा उतरवला मी विचारलं नाही. तिनंही तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून ठेवलाय, एवढंच म्हणाली.

यंदाही नवतपा आला. परवा दुपारी लाईन गेली तेव्हा आम्ही घरातच होतो. आईनं तिची चटई उचलली आणि मोरीच्या दारासमोरच्या बोळात नेऊन घातली. "इथं बरं वाटते," म्हणाली. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. दुपारी तिला तहान लागत नाही, पाणी आठवण करून द्यावं लागतं, आणि घामही पूर्वीसारखा येत नाही. हे सगळं मी भुरीबद्दल शिकले तेव्हा आईबद्दलही शिकत होते, पण ते माझ्या ध्यानात आलं परवा, त्या बोळात तिला आडवी झालेली पाहून. मी माठातलं पाणी लोट्यात घेतलं, एक पेला तिला दिला आणि उरलेलं मोरीच्या फरशीवर ओतलं. भुरीनं डोळे किलकिले केले, उठली, ओल्यातून चालत बाहेर आली आणि आईच्या पोटाशी जाऊन बसली.

बोळातल्या फरशीवर तिच्या पायांचे ठसे उमटले होते, मोरीपासून चटईपर्यंत. मी खाली बसून मोजायला लागले. सातव्यापर्यंत आले तेव्हा पहिले तीन वाळून गेले होते.